बूट सांभाळायला कुणी नव्हतं

कापेल आन डेन आयसेल,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप कुमुदिनी वन्संना,

उल्काचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजा, कारण सध्या खरोखर वाकता येत नाही. गुडघे ठीक आहेत, पण मांड्यांच्या मनात असेल तेव्हाच उठता येतं. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, थेंब वेळेवर घालता का, आणि जिन्यातला दिवा त्या वरच्या मजल्यावरच्या शैलेंद्रने बदलला का, ते कळवा. बदलला नसेल तर हे पत्र दिवसा वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण परवा फोनवर तुम्ही रडलात, आणि फोन पुष्करच्या हातात होता. त्याला ऐकायला बरं वाटेल एवढंच आपण दोघी बोललो. म्हणून पत्र.

तुमच्यापर्यंत काय पोचलं ते मला माहीत आहे. उल्का कुणाला न सांगता परक्या देशातल्या डोंगरावर एकटी गेली, कड्याच्या काठावर तिने बूट काढून ठेवले आणि हेलिकॉप्टरने येऊन तिला वाचवलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरीही तुम्हाला वाटतं तसं काही झालेलं नाही. आता पुष्कर आणि हिमानीने, लेक-सुनेने मिळून, ठरवलं आहे की मी हे घर विकून आइंडहोवनला त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहायचं. खोली चांगली आहे. छपराला खिडकी आहे, तिच्यातून आभाळ दिसतं, दुसरं काही दिसत नाही. पुष्कर म्हणतो, आत्याचंही हेच मत आहे. तो जगात तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही (वडिलांचं ऐकायचा, ते काही बोलतच नसत म्हणून). तेव्हा तुमचं मत पक्कं होण्याआधी माझी बाजू वाचा. तुम्ही स्वतः चौऱ्याहत्तराव्या वर्षी नाशकात एकट्या राहता, हे मी इथे फक्त नोंदवून ठेवते.

डोंगरच का, असं सगळे विचारतात. हे गेल्यावर पहिलं वर्ष मी लायब्ररीत काढलं. घरात शांतता असते आणि लायब्ररीतही असते, पण तिथली सगळ्यांची मिळून असते. माझं शिक्षण दहावी (तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा तुम्हीच विचारलं होतं आणि उत्तर ऐकून पोह्यांची बशी खाली ठेवली होती, मी ते मनात धरलेलं नाही, विसरलेही नाही). पुढचं सगळं वाचून वाचून आलं. डच भाषासुद्धा. आधी लहान मुलांची पुस्तकं वाचली, मग डोंगरांची, कारण त्यांत फोटो जास्त आणि मजकूर कमी. या देशात डोंगर नाही. सगळ्यात उंच जागी गाडी जाते आणि वर खाण्यापिण्याची दुकानं आहेत. पण लायब्ररीत डोंगरांवरची पुस्तकं भिंतभर. उपासाच्या दिवशी माणूस खाण्याच्याच गप्पा मारतो, तसं असावं. वाचता वाचता मला समजलं की यातले सगळेच डोंगर दाढीवाल्या पुरुषांसाठी नाहीत. काही असे आहेत की तिथे पायवाट असते, पुढे दगडांवरून हातापायांनी चढायचं असतं, अवघड जागी तारेचा दोर ठोकलेला असतो, आणि डोकं ठिकाणावर असलेली बाई वर जाऊ शकते. त्यातला एक मी निवडला. ऑस्ट्रियात आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला म्हणता यायचं नाही आणि मलाही नीट येत नाही. उंची सांगायची तर एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवा.

तयारी मी वर्षभर केली, म्हणजे हे डोक्यात आलेलं वेड नव्हतं, हे पुष्करला सांगा. आमची इमारत अकरा मजली. मी रोज पाठीवर सॅक, सॅकमध्ये दुधाचे पुडे, अशी जिन्याने खालीवर करायची. शेजारच्या फान डामबाईंना वाटलं लिफ्ट बंद पडली आहे. त्यांनी दोनदा तक्रार केली, दोनदा माणूस येऊन चालू लिफ्ट दुरुस्त करून गेला, आणि दुसऱ्या दुरुस्तीनंतर ती खरंच बंद पडली. हातांचा सराव रॉटरडॅमच्या एका हॉलमध्ये केला. तिथे भिंतीला रंगीत प्लास्टिकचे दगड ठोकलेले असतात आणि बहुतेक वेळा कुणातरी सात वर्षांच्या मुलीचा वाढदिवस चालू असतो. मी कुणाची आजी याची चौकशी व्हायची, कुणाचीच नाही असं समजलं की केक मिळायचा.

एकटी का गेलीस, हा दुसरा प्रश्न. सोबत शोधली होती. इथल्या मराठी मंडळातल्या रूपालीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, एकट्या कशाला, आपण सगळ्याजणी जाऊ." तिने लगेच व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला. टी-शर्टचा रंग ठरला, तारखांवर मतदान झालं, कांदा-लसूण न खाणाऱ्या किती ते मोजलं. डोंगर तेवढा ठरला नाही. तो ग्रुप अजून चालू आहे, त्यावर आता चकलीच्या ऑर्डरी घेतात. मग ऑगस्टमध्ये मी पुष्करला सांगितलं की युट्रेख्टला मैत्रिणीकडे, संध्याकडे, चार दिवस जाते. हे निम्मं खरं होतं. गाडी युट्रेख्टवरूनच जाते.

डोंगराच्या कमरेला एक लाकडी धर्मशाळा आहे, तिथे रात्री मुक्काम. वन्सं, तुम्हाला ती जागा आवडेल. दारातच बूट काढायचे, बुटांसाठी वेगळी खोली, आत गेलं की पायात लोकरीच्या सपाता घालायच्या. एक धिप्पाड जर्मन गृहस्थ बुटांसकट सूप प्यायला आत शिरला तर मालकिणीने त्याला असा झापला की मला सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा उंबरठा आठवला. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी तिच्या वहीत नाव, गाव आणि पुष्करचा फोन नंबर न मागता लिहून दिला. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

चढाईचं काय सांगू. पहिला भाग चालण्याचा होता, मी चालले. मग दगड सुरू झाले. दगडांवर लाल-पांढरे पट्टे ओढलेले असतात, ते शोधत जायचं. मग दगड उभे राहिले. तिथे नियम एकच, दोन हात आणि दोन पाय यांतली तीन ठिकाणं घट्ट ठेवायची आणि चौथं हलवायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण चौथं हलवायची वेळ येते तेव्हा उरलेली तीन कुठे आहेत ते आठवत नाही. एका ठिकाणी तारेचा दोर संपला आणि समोर भिंतीसारखी अरुंद धार आली, दोन्हीकडे नुसती हवा. पुस्तकात लिहिलं होतं की तोल सांभाळून धारेवरून चालत जावं. मी पुस्तकाचं ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना पाय सोडून बसले आणि लहानपणी आजोळी म्हशीवर बसायचो तशी बुड सरकवत पलीकडे गेले. पँट गेली, मी राहिले. भीती वाटली का, तर वाटली. पण ती कामाची भीती होती, कुठे पाय ठेवायचा ते सांगणारी. घरातली तसं काही सांगत नाही.

आता बुटांचं. इथून नीट वाचा.

तुमच्या घराण्याला उंची चालत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. लग्नानंतर आपण वणीला गेलो होतो. पायऱ्यांच्या तळाशी ह्यांनी वर एकदा बघितलं आणि म्हणाले, "तू जाऊन ये, मी चपला सांभाळतो." (तुम्ही दुसऱ्या पायरीपर्यंत आलात आणि मग भावाला सोबत म्हणून खाली बसलात.) पुढे तोच रिवाज पडला. चतुःशृंगी असो, जेजुरी असो, इटलीतला मनोरा असो, चढणार मी आणि खाली बसणार हे. मनोऱ्यात चपला काढायच्या नव्हत्या तर माझी पर्स घेऊन बसले. मी उतरून आले की माझ्या चपला डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, पाय सरळ आत जावा अशा लावून ठेवलेल्या असत. मी चपला घालत असताना हे विचारत, "काय होतं वर?" आणि मी काहीही सांगितलं तरी पूर्ण ऐकून घेत. आमचा संसार बराचसा यातच आला.

तर शिखराच्या जरा खाली एक सपाट दगड होता आणि वर क्रूस. क्रुसाच्या पायाशी मेरीची छोटी तसबीर, पुढे कुणीतरी वाहिलेली वाळलेली फुलं. देवस्थान आहे हे दिसतच होतं. देव कुणाचा का असेना, एवढ्या उंचीवर एकटा राहतो, त्याच्यासमोर बूट घालून जायचं? खाली सुपासाठी काढायला लावतात. मी त्या सपाट दगडावर बूट काढले. दोन्ही जोडून ठेवले, काठ्या शेजारी ठेवल्या, जॅकेटची घडी घालून वर ठेवली. मोजे राहू दिले, दगड गार होता. आणि वर गेले. दगडाच्या पलीकडच्या बाजूला खोल कडा होता हे मला माहीत होतं, पण मी त्या बाजूला जाणारच नव्हते. बूट सांभाळायला खाली कुणी बसलेलं नाही, हे मात्र लक्षात आलं नाही. तीन वर्षं झाली, वन्सं. घरात मी दोन कप चहा टाकत नाही, दोन ताटं घेत नाही, फोन आला तर ह्यांना हाक मारत नाही. सगळं शिकले. बुटांचं राहून गेलं होतं.

मी नमस्कार केला आणि क्रुसाच्या मागे, वारा लागू नये म्हणून आडोशाला बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेवढ्यात एक नवरा-बायको खालून आले. त्यांना दिसलं काय, तर कड्याच्या काठावर नीट लावलेले बायकी बूट, घडी घातलेलं जॅकेट, आणि बाई नाही. त्यांनी हाका मारल्या असणार, वाऱ्यात मला ऐकू आल्या नाहीत. ते बिचारे फोनला रेंज मिळावी म्हणून परत खाली धावले. म्हणून चांगला पाऊणएक तास मी वर एकटीच होते आणि मला छान वाटत होतं. मग हेलिकॉप्टर आलं. मला वाटलं, पर्यटकांना फिरवणारं आहे. आतला माणूस माझ्याकडे बघत होता, तर मी उभी राहून दोन्ही हात वर करून हलवले, आपण गाडीतल्या पाहुण्यांना करतो तसे. डोंगरात दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी आणि एक हात वर म्हणजे नको, हे त्या पुस्तकाच्या मागच्या पानांवर होतं. मागची पानं मी घाईत सोडली होती.

ते जवळ आलं आणि त्याच्या वाऱ्याने माझं जॅकेट उडालं, जॅकेटच्या बाहीत अडकून काठी उडाली, आणि काठीने जाता जाता उजवा बूट कड्यावरून ढकलला. म्हणजे ते येईपर्यंत मला काही झालं नव्हतं, ते आले आणि मला खरंच वाचवण्याची गरज पडली. दोराने एक तरुण उतरला. अगदी हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, "सगळं ठीक आहे, माझ्याकडे बघा." मी म्हटलं, "मी ठीक आहे, माझा बूट तिकडे गेला," आणि कड्याकडे बोट केलं. त्याने मला कमरेला असं धरलं की आपल्या आजवरच्या ओळखीच्या कुणा पुरुषाने चारचौघांत धरलेलं नाही. मला चढायला अर्धा दिवस लागला होता, खाली आणलं दोन मिनिटांत. म्हणजे मी तो डोंगर चढले आहे, पण उतरलेली नाही. हे मला अजून खटकतं.

खाली एका बाईंनी गोड चहा दिला आणि त्या माझ्यासमोर वही घेऊन बसल्या. फार सभ्य बाई.

"तुमच्या मनात दुःखाचे विचार येतात का?"

"हो."

"वारंवार?"

"रोज. माझे यजमान गेले."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, बूट का काढले. मी देवाचं सांगितलं. त्यांना ते पटलं असावं, मान हलवली. पण मग त्या म्हणाल्या, बूट असे काठावर कुणाच्या भरवशावर ठेवले. मी खरं ते सांगितलं, "बूट नेहमी माझे यजमान सांभाळतात." यावर त्या बराच वेळ लिहीत बसल्या. तेवढ्यात आइंडहोवनला मीटिंगमध्ये बसलेल्या पुष्करला फोन गेला होता की तुमच्या आईचा एक बूट सापडला आहे. तो म्हणाला, नंबर चुकला, माझी आई युट्रेख्टला आहे.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन न्यायला आला. तो ओरडत नाही, तुम्हाला माहीत आहे. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. जर्मनी अर्धी ओलांडल्यावर म्हणाला, "आई, तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "पुढच्या पंपावर थांब, लघवीला जायचंय." ते उत्तर चुकलं, हे मला कळतं. त्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं नाही, हिमानीने विचारलं नाही, आमच्या डॉक्टरांनी आडून आडून विचारलं, तुम्ही नुसत्या रडलात. म्हणून न विचारता सांगते. मला मरायचं नाही. मरायचं असतं तर एवढं चढले कशाला असते? आमची इमारत अकरा मजली आहे आणि लिफ्टही आता दुरुस्त झाली आहे. दुःख आहे, ते राहणार आहे, त्याची मला सवय झाली आहे. ते माझ्याबरोबर डोंगर चढलं आणि त्याने काही त्रास दिला नाही. माळ्यावरच्या खोलीत मात्र त्याला आणि मला, दोघांना जागा पुरायची नाही.

आणि एक गोष्ट. का गेलीस, एकटी का गेलीस, न सांगता का गेलीस, बूट का काढलेस, सगळं विचारून झालं. वर काय होतं, ते कुणी विचारलं नाही. तर वर फारसं काही नव्हतं. डोंगरांमागे डोंगर, मोजायला घ्यावे तर मागून आणखी निघतात. बर्फ थोडाच, आणि मळका, धुवायला काढलेल्या चादरींसारखा. खाली ढगांची सावली सरकत होती आणि ती धर्मशाळा काडेपेटीएवढी दिसत होती. आणि पिवळ्या चोचीचे कावळे होते. ते येऊन हातातून दशमी घेऊन गेले. रामकुंडावर आपण ह्यांच्यासाठी किती ताटकळलो होतो ते तुम्हाला आठवत असेल. हे न बोलावता आले. मी त्याचा काही अर्थ लावत नाही, त्यांना चटणीचा वास आला असेल. पण कुणालातरी सांगायचं राहिलं होतं.

तर हे पत्र पोचलं की पुढच्या रविवारी पुष्कर तुम्हाला फोन करेल. त्याला एवढंच सांगा की आईला तिच्या घरी राहू दे. पोह्यांची फेड झाली असं मी समजेन. डोळ्याला जपा. आशीर्वाद असू द्या, आणि तो देताना मांड्यांचाही विचार करा.

तुमची,
उल्का

ता. क. धर्मशाळेच्या मालकिणीचं पत्र आलं. मेंढ्या राखणाऱ्या कुणाला तरी माझा उजवा बूट सापडला, तिने तो बुटांच्या खोलीत ठेवला आहे. टपालाने पाठवू का, असं विचारते. मी नको म्हणून कळवलं. डावा इथे कपाटात आहे.

आणखी एक ता. क. पुष्करला काही सांगायची खरं तर गरज नाही. मी त्याला कालच सांगून टाकलं की पुढच्या उन्हाळ्यात आत्या तीन महिने माझ्याकडे राहायला येते आहे, तेव्हा घर विकण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला फार आनंद झाला. त्यामुळे आता तुम्हाला यावं लागेल, नाहीतर मी खोटी पडेन, आणि या वर्षी युट्रेख्टचं एक झालंच आहे. तुम्हाला चढायला लावणार नाही. धर्मशाळेपर्यंत रोपवेचा पाळणा जातो, डोळे मिटून बसलं की पोचतो. तिथे बाहेर उन्हात बाक आहे. मी वर जाऊन येईन, उतरेन माझ्या पायांनी. तुम्ही बाकावर बसायचं, माझ्या सपाता सांभाळायच्या, आणि मी आले की विचारायचं.

शेवटचं. एका कागदावर पाय ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद पाठवा. हे पहिल्यांदा परदेशी आले तेव्हा तुम्ही सँडलसाठी पाठवला होता तसा. दोन्ही पायांचा पाठवा, तुमचा डावा मोठा आहे. बसायचं झालं तरी तिथे चपलेत पाय गारठतात.